कुलूप ओढून बघणारा माणूस : रात्रगस्तीवरच्या पोलिसांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व पोलीस ठाण्यांतले ठाणे अंमलदार, बीट अंमलदार, रात्रगस्तीवरचे आणि नाकाबंदीवरचे पोलीस बंधू-भगिनी यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोलीस महासंचालकांना लिही, असं घरच्यांचं म्हणणं होतं. त्यांनाही प्रत जाईलच. पण रात्री बंद बाजारपेठेत जो माणूस टॉर्च मारतो तो महासंचालक नसतो, तुम्ही असता. पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय होणार हे तुमच्यावर अवलंबून असतं, म्हणून पत्र तुम्हाला.

विषय ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 2 एप्रिलला पेपरात बातमी येते, कुठल्यातरी इमारतीवर निळे दिवे लागतात, लहान मुलांचे फोटो छापून येतात. ती मुलं मोठी होतात, हे मात्र त्या बातमीत कधी नसतं. माझा भाऊ मोठा झालाय. वय सव्वीस, उंची सहा फुटांच्या आसपास, दाढी वाढलेली, कारण वस्तऱ्याचा स्पर्श त्याला सहन होत नाही. लहानपणी तो दुकानाबाहेर हात फडफडवत उड्या मारायचा तेव्हा लोक कौतुकाने बघायचे. आता तेच केलं की बाया पोरांना जवळ ओढतात आणि कुणीतरी 112 लावतं.

पोलिसाची नजर अनुभवाने तयार होते. समोरचा नजरेला नजर देतो का, नाव-पत्ता विचारल्यावर अडखळतो का, विचारलेल्या प्रश्नाला बगल देतो का, हात कुठे जातायत, गाडी दिसल्यावर चाल बदलली का. या खुणांवरून तुम्ही चोर पकडता आणि पुष्कळदा तुमचा अंदाज बरोबरच निघतो. माझी अडचण एवढीच आहे की यातली एकूण एक खूण माझ्या भावात आहे, आणि ती तो दोन-अडीच वर्षांचा असल्यापासून आहे.

तो डोळ्यांत बघत नाही. बघायला लावलं तर त्याला ऐकलेलं कळेनासं होतं. बघणं आणि ऐकणं दोन्ही एकदम जमत नाही, असं कित्येक ऑटिस्टिक माणसांनी स्वतः लिहून ठेवलंय. "माझ्याकडे बघून बोल" असं दरडावलंत तर तो बघेलही कदाचित, पण मग बोलणार नाही. तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. "नाव काय, कुठे राहतोस, एवढ्या रात्री काय करतोस इथे" हे तीन प्रश्न एका दमात आले की तिन्ही अडकतात, आणि घाबरलेला असला की शेवटचा प्रश्न तो जसाच्या तसा तुम्हाला परत देतो. "काय करतोस इथे?" "काय करतोस इथे." तुमच्याच सुरात, तुमच्याच हेलात. तुम्हाला वाटतं पोरगा टवाळी करतोय. प्रत्यक्षात ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणणं ही ऑटिझममधली बोलण्याची एक नेहमीची रीत आहे. स्वतःचे शब्द जुळत नाहीत तेव्हा कानावर पडलेले शब्द तोंडातून येतात.

आणि घाबरला की तो हसतो. याच्याइतकं घातक दुसरं काही नाही, कारण वर्दीसमोर हसणाऱ्याला काय मिळतं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. उभ्या उभ्या पुढे-मागे डुलतो, म्हणून दारू प्यायलाय असं वाटतं. तोंडाचा वास घ्या आणि तो विषय तिथेच संपवा.

महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 122 तुम्हाला तोंडपाठ असेल. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडलेला माणूस. त्यात स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा देता न येणं, अशी एक गोष्ट येते. माझ्या भावाला भर दुपारी, घरच्या सोफ्यावर, आईने विचारलं तरी समाधानकारक खुलासा देता येत नाही.

त्याला कुलपांचं वेड आहे. जेवण झालं की तो बाजारपेठेतून चक्कर मारतो आणि बंद दुकानांच्या शटरची कुलपं एकेक करून ओढून बघतो. लागलेलं असलं की "हं" म्हणतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. जुने दुकानदार त्याला ओळखतात. कोपऱ्यावरचे किराणावाले काका म्हणतात, वॉचमनचा पगार याला द्यायला हवा. एकदा एका औषधाच्या दुकानाचं कुलूप खरोखरच नीट लागलेलं नव्हतं, तर हा तिथून हलेचना. मालकाला घरून बोलवावं लागलं. पण नुकत्याच बदलून आलेल्या, टॉर्च घेऊन फिरणाऱ्या पोलिसाला काय दिसणार? एक दांडगा तरुण एकामागून एक शटरची कुलपं ओढून बघतोय. तुमच्या जागी मी असते तरी गाडी थांबवली असती.

तेव्हा थांबवल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. मागून कॉलर धरली. न सांगता, मागून झालेला स्पर्श त्याला अजिबात सहन होत नाही. त्याने हात झटकला. झटकणं म्हणजे प्रतिकार, आणि प्रतिकाराला कानाखाली. "नाव सांग" म्हटल्यावर तो म्हणाला "नाव सांग". पुन्हा कानाखाली. मग गाडीत. ठाण्यात बाकावर बसवलं तेव्हा तो दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून स्टेशनवरची घोषणा म्हणत होता, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे", पुन्हा पुन्हा, थांबतच नव्हता. वायरलेस खरखरत होता, ट्यूबलाइट लुकलुकत होती, आणि चार माणसं एकाच वेळी त्याला गप्प बस म्हणत होती.

त्या रात्री ड्यूटीवर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी वायरलेसचा आवाज बारीक केला. बाकीच्यांना जरा लांब जायला सांगितलं. मग एका कोऱ्या कागदावर "नाव", त्याखाली "पत्ता", त्याखाली "घरचा फोन" असं लिहून तो कागद आणि पेन त्याच्याजवळ बाकावर ठेवलं. हातात दिलं नाही, नुसतं ठेवलं, आणि त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. थोड्या वेळाने भावाने कागद ओढला आणि तिन्ही रकाने भरले. पत्त्यात पिनकोड घातला. फोनच्या रकान्यात घरातल्या सगळ्यांचे नंबर लिहिले, कधीचा बंद पडलेला लँडलाइनसुद्धा. आम्हाला फोन आला तो त्या कागदावरून.

त्या बाईंनी ऑटिझमचा कुठलाही कोर्स केलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं हा ऐकतोय सगळं, बोलता येत नाहीये याला." ठाण्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण मला एका ठाण्याशी भांडायचं नाही. त्यांनी जे अंदाजाने केलं ते बाकीच्यांना शिकवून करता येईल, एवढंच माझं मागणं आहे.

तुम्ही म्हणाल, असा एखादा असतो, त्याच्यासाठी एवढं काय. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. त्यात ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. तेवढं धरलं तर लाखभर वस्तीच्या ठाण्याच्या हद्दीत हजारेक माणसं झाली. यातल्या बहुतेकांकडे कसलंही सर्टिफिकेट नाही, अनेकांच्या घरच्यांना या अवस्थेचं नावही माहीत नाही. गावात त्यांना "वेडसर" म्हणतात, "भोळा आहे बिचारा" म्हणतात, "बाहेरचं आहे" म्हणूनही मोकळे होतात. आणि पोलीस लाइनीतली घरं या हिशेबातून सुटलेली नाहीत. तुमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये, किंवा तुमच्याच घरात, असं लेकरू असेल आणि बदली झाली की थेरपी पुन्हा पहिल्यापासून, ही फरपट तुम्ही स्वतः भोगत असाल. त्यांच्यासाठीही हे पत्र आहे.

सगळे माझ्या भावासारखे नसतात, हेही सांगायला हवं. कुणाला आयुष्यभर एक शब्द बोलता येत नाही, कुणी कंपनीत कोड लिहितं आणि तरीही नाक्यावर बॅरिकेड, शिट्टी आणि टॉर्च एकदम अंगावर आले की गोठून जातं, लायसन्स खिशात असून काढता येत नाही. निदान मुलग्यांचं जास्त होतं, मुलींचं उशिरा होतं किंवा होतच नाही, कारण मुली इतरांचं बघून वागणं बेमालूम उचलतात आणि आतल्या आत दमून जातात. त्यामुळे चेहऱ्यावरून ओळखता येईल अशी अपेक्षा धरू नका. समोरचा वेगळा वागतोय, आक्रमक नाही, आणि उत्तर जुळत नाहीये, इतकं दिसलं तरी तुमचा वेग कमी करायला ते पुरे.

आता सगळ्यात धोकादायक गोष्ट सांगते. ती म्हणजे त्याचं "हो".

माझ्या भावाला लहानपणापासून शिकवलं गेलं की मोठ्यांनी विचारलं की "हो" म्हणायचं. शाळेत "हो" म्हटलं की शाबासकी, थेरपीत "हो" म्हटलं की चॉकलेट. त्यामुळे समोरच्याचा आवाज चढला की तो "हो" म्हणतो. "तूच कुलूप तोडलंस ना?" "हो." "बरोबर अजून कोण होतं? शेजारचा होता का?" "हो." "आत टाकू का तुला?" "हो." यातल्या एकाही "हो"ला कबुलीजबाबाची किंमत नाही. शंका असेल तर उलटा प्रश्न विचारून बघा, "तू काहीच केलं नाहीस ना?" त्यालाही तो "हो"च म्हणेल. दुसरीकडे, शब्दाचा सरळ अर्थ घ्यायची त्याची सवय. "काय उचललंस?" म्हटलं तर तो म्हणेल "पिशवी", कारण सकाळी त्याने दळणाची पिशवी उचलली होती. टोमणा, दम, गोड बोलून काढून घेणं, ही सगळी तुमची हत्यारं इथे निकामी आहेत. साधं, छोटं, एका वेळी एक वाक्य बोला आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा. दहा आकडे तुम्हाला फार लांब वाटतील. मोजाच.

चौकशी करायची झाली तर ठाण्यात बोलावण्याचीही गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये साक्षीदारांबाबत स्पष्ट म्हटलंय की मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग व्यक्तीला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ही तरतूद होती, 160 व्या कलमात. घरी त्याच्या ओळखीच्या खुर्चीवर तो तुम्हाला जेवढं सांगेल त्याच्या दहावा हिस्साही ठाण्यात सांगणार नाही.

झटापटीबद्दल. आवाज, प्रकाश, गर्दी आणि स्पर्श हे सगळं एकदम वाढलं की ऑटिस्टिक माणूस फुटतो. ओरडतो, स्वतःचा हात चावतो, भिंतीवर डोकं आपटतो, पळतो. त्या वेळी त्याचा स्वतःवर ताबा नसतो आणि तुमच्यावर राग तर मुळीच नसतो. अशा वेळी चार जणांनी मिळून त्याला जमिनीवर पालथं दाबू नका. पाठीवर गुडघा नको. श्वास अडकतो, आणि ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना फिट्सचाही त्रास असतो, त्यांची गोळी ठरल्या वेळेला जावी लागते. रात्रभर कोठडीत बसवलेल्या माणसाची गोळी चुकते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सायरन आणि लाल-निळा दिवा बंद करा, माणसं मागे घ्या, रस्ता मोकळा असेल तर अंतर ठेवून नुसतं उभं राहा. तो हात फडफडवत असेल तर फडफडवू द्या. त्याचं ते शांत होणं चालू आहे. लागलंय का हे मात्र स्वतः बघून घ्या, कारण काही जणांना दुखतंय हे सांगता येत नाही. माझ्या भावाचा एकदा पाय मुरगळला होता, तर तो लंगडत लंगडत कुलपं बघून आला आणि बूट काढल्यावर सूज दिसली.

हातात काही असेल तर ते हिसकावू नका. माझ्या भावाच्या खिशात कायम एक जुनं पितळी कुलूप असतं. अंधारात ते काय दिसेल ही भीती मला आहेच. 2016 मध्ये अमेरिकेत उत्तर मायामीला एक ऑटिस्टिक तरुण रस्त्यात खेळण्यातला ट्रक घेऊन बसला होता. कुणीतरी फोन केला, त्याच्याकडे बंदूक आहे. त्याला सांभाळणारा माणूस दोन्ही हात वर करून, रस्त्यावर उताणा पडून, ओरडून सांगत होता की ते खेळणं आहे. पोलिसाने गोळी झाडली आणि ती त्या सांभाळणाऱ्याच्याच पायाला लागली. आपल्याकडे अशी गोळी सुटत नाही, काठी चालते. आणि काठी तुमचीच असते असंही नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी होते. अनोळखी गावात, नाव न सांगणारा, लहान पोराकडे टक लावून बघत हसणारा तरुण अशा जमावाच्या हाती लागला तर त्याचं काय होईल, हा विचार आमच्यासारख्या प्रत्येक घरात होतो. तिथे मध्ये पडणारं दुसरं कुणी नाही, तुम्हीच आहात. म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

काही ठाण्यांत अशा माणसाला पाहिलं की "मनोरुग्ण" असा शिक्का मारून मोकळं होतात. ऑटिझम हा मनोविकार नाही. ती मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे, जन्मापासूनची, औषधाने बरी न होणारी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णालासुद्धा लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं आणि त्याचे नातेवाईक शोधायची जबाबदारी ठाणे प्रमुखावर असते. माझ्या भावाला येरवड्याला किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोचवून काही साधणार नाही. त्याला घरी पोचवलं की काम झालं.

आणि घरून तो हरवला तर? इथे जरा थांबते, कारण आमच्या घरांतली खरी झोप उडवणारी गोष्ट ही आहे.

ऑटिझम असलेली मुलं निसटतात. दार उघडं दिसलं की निघाली. 2012 मध्ये अमेरिकेत हजारावर कुटुंबांकडून माहिती घेऊन एक अभ्यास झाला, त्यात चार वर्षांपुढच्या जवळपास निम्म्या मुलांनी एकदा तरी असं निसटण्याचा प्रयत्न केलेला होता. जी काळजी वाटावी इतका वेळ सापडली नाहीत, त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांवर बुडण्याचा धोका ओढवला होता. पाणी त्यांना ओढतं. चमकतं, हलतं, अंगाला सगळीकडून सारखं लागतं, काय असेल ते असो. तेव्हा शोध सुरू करताना बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनच्याही आधी विहीर बघा, नदीचा घाट, शेततळं, कालवा, सोसायटीची पाण्याची टाकी, बांधकामावरचा खड्डा. तोवर दुसऱ्या कुणीतरी घरच्यांना विचारावं, त्याला कशाचं वेड आहे? लिफ्ट, जेसीबी, लोकल, पंखे, कुलपं. तो बहुधा तिथेच असतो. भोंग्यावरून नाव पुकारू नका, आवाजाला घाबरून तो आणखी आत दडेल. सापडला की धावत अंगावर जाऊ नका, तो रस्ता न बघता पळेल.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर 2013 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अपहरण गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवावा लागतो. अठरा पूर्ण झाली की "मिसिंग"ची नोंद आणि "येईल हो, मोठा आहे, मित्राकडे गेला असेल, उद्यापर्यंत वाट बघा". 24 तास वाट बघायचा असा कुठलाही नियम नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या भावाला मित्र नाही. तो कुणाकडे गेलेला नसतो. आधार कार्डावर तो सव्वीसचा असला तरी रस्ता ओलांडण्यात सहा वर्षांच्या मुलाइतकाच कच्चा आहे. हरवलेल्या ऑटिस्टिक प्रौढाच्या बाबतीत पहिल्या तासाची घाई लहान मुलासारखीच करा, ही माझी मागणी आहे, आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही, वरिष्ठांचं एक परिपत्रक पुरतं.

अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो. "एवढं माहीत आहे तर सोडता कशाला एकट्याला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण हा प्रश्न ऑटिझमच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलाय. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये बाल्टिमोरला अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात जागा दिली, आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं तज्ज्ञच सांगत राहिले की आई मायाळू नसल्यामुळे मूल असं होतं. 1977 मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला तेव्हा कुठे आया त्यातून सुटल्या. मग 1998 मध्ये लशीवर खापर फोडणारा लेख आला, तो खोटा ठरून 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी आमच्या नात्यातले लोक अजून आईला विचारतात, कुठलं इंजेक्शन दिलं होतंस? कुलूप लावून घरात ठेवलं तर माणूस सुरक्षित राहील हे खरं. पण सव्वीस वर्षांच्या माणसाला जेवणानंतर पाय मोकळे करायचा हक्क आहे, तुम्हाला-मला आहे तेवढाच. त्याला कोंडून ठेवण्यापेक्षा बीटवरच्या दोन माणसांना त्याची ओळख असणं स्वस्त पडतं.

कॅनर यांच्या त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात तो वाढला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी गेला. घरची सुबत्ता होती, हे नाकारायचं कारण नाही. पण गावाला तो माहीत होता, हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडच्या बीट पद्धतीत हे सहज बसतं. ठाण्याने आपल्या हद्दीतल्या अशा कुटुंबांना स्वतःहून नाव, फोटो, आवडीची ठिकाणं आणि घरचा नंबर देण्याची सोय करावी. ऐच्छिक. आणि तो कागद गुंडांच्या यादीच्या फायलीत लावू नये, एवढी काळजी घ्यावी. पालक नाव द्यायला घाबरतात ते याच भीतीने.

एक बाजू थोडक्यात सांगते, ती लहान आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल म्हणून. ऑटिस्टिक मुली आणि स्त्रिया तुमच्यासमोर पीडित म्हणून येतात तेव्हा "हिला नीट सांगता येत नाही" म्हणून त्यांची तक्रार परत पाठवू नका. दिव्यांग व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाषा सोबत घेऊन, व्हिडिओ चित्रीकरण करत फिर्याद नोंदवायची, असं कायदाच सांगतो. विशेष शिक्षकाचा नंबर अशी वेळ येण्याआधीच ठाण्याच्या फलकावर असू द्या.

आता खात्याकडे मागणं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने मान्य केलेल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच कायद्याच्या कलम 47 मध्ये लिहिलंय की पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश सक्तीचा असेल. याच कायद्यात कलम 92 देखील आहे, दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. ते मी दम म्हणून सांगत नाही. मला 92 पेक्षा 47 हवं आहे. नाशिकची अकादमी असो, मरोळ असो, खंडाळा किंवा जालना असो, नव्या भरतीच्या पोरा-पोरींना यातलं किती शिकवलं जातं, हे तुम्हीच आठवून बघा. स्लाइड दाखवून तासभर भाषण नको. माझ्या भावासारख्या दोघा-तिघांना वर्गात बोलवा आणि प्रशिक्षणार्थींना म्हणावं, याचं नाव विचारून घ्या. ज्याला ते न ओरडता जमलं तो पास.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, तेही सांगते. भावाच्या गळ्यात ओळखपत्र घालायचा प्रयत्न झाला, दोरी मानेला टोचते म्हणून तो काढून टाकतो. आता शर्टाच्या आतल्या बाजूला नाव आणि नंबर शिवलाय, कॉलरच्या खाली. तिथे बघत जा, पण आधी त्याला सांगून. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स त्याच्या पाकिटात असते. शिवाय वर्दी म्हणजे कानाखाली असं त्याच्या डोक्यात बसलंय, ते काढायला तुमची मदत लागेल. दर वर्षी 2 जानेवारीला पोलीस रेझिंग डे असतो, त्या आठवड्यात शाळांची मुलं ठाण्यात येतात, तुम्ही त्यांना बंदुका आणि बिनतारी संच दाखवता, बिस्किटं देता. त्यात विशेष शाळांतली मुलं आणि माझ्या भावासारखे शाळा संपलेले मोठे लोक यांनाही बोलवा. वायरलेस तेवढा वेळ बारीक ठेवा. कोठडीचं कुलूप त्याला ओढून बघू द्या.

आम्ही यायला तयार आहोत. दिवस आणि वेळ आधी कळवा, आणि एकदा कळवली की शक्यतो बदलू नका. बंदोबस्त लागला आणि बदलावीच लागली तर आदल्या दिवशी फोन करा. ऐनवेळी बदललेलं त्याला पचत नाही आणि मग आमची अख्खी रात्र त्याची समजूत घालण्यात जाते.

कळावे,
आपल्याच हद्दीतली
एक मोठी बहीण